प्रोटोकॉल वगळून पहारा देता येत नाही

सायबर सुरक्षेत नोकरी हवी असेल तर नेटवर्कच्या प्रोटोकॉलमध्ये वेळ घालवू नका, हा सल्ला हल्ली पुण्यात पावलोपावली मिळतो. क्लासच्या डेमो लेक्चरला मिळतो, कॉलेजातल्या प्लेसमेंटच्या भाषणात मिळतो, दोन वर्षांपूर्वी हिंजवडीत नोकरीला लागलेला ओळखीतला दादाही तोच देतो. कारणे ठरलेली आहेत. टीसीपी-आयपी चाळीस वर्षांपूर्वीचे, त्यात शोधायचे ते शोधून झाले. सगळी वाहतूक आता एन्क्रिप्टेड असते, पॅकेट उघडून दिसणार काय? कंपन्या क्लाउडवर गेल्या, तिथले नेटवर्क सांभाळणारे दुसरे आहेत. हल्ले माणसांना फसवून होतात. मुलाखतीत टूल विचारतात आणि सर्टिफिकेट बघतात. आणि सगळ्यात ताजे कारण: आता एआय आहे, पॅकेट तोच वाचून देईल.

मी हे काम करतो आणि शिकवतोही. असा सल्ला देणारे सगळेच लबाड नसतात, अनेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो. म्हणूनच त्याला एकेक कारण घेऊन उत्तर द्यायला हवे. या सल्ल्याची किंमत जळगाव, लातूर, सांगलीहून आलेली मुले मोजतात. घरच्यांनी कर्ज काढून फी भरलेली असते, आणि सहा महिन्यांनी हातात सर्टिफिकेट असते पण समोरच्या स्क्रीनवर काय चालले आहे ते कळत नसते. याचा मला राग येतो.

प्रोटोकॉल म्हणजे दोन अनोळखी यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचा ठराव, एवढे पुस्तकात असते. सुरक्षेच्या माणसाला त्यापुढचे हवे. अशा बहुतेक ठरावांत एक जागा असते, जिथे एक यंत्र दुसऱ्याचे म्हणणे पुराव्याशिवाय खरे धरते. हल्लेखोर ती जागा शोधत असतो. बचाव करणाऱ्याला ती त्याच्या आधी माहीत असावी लागते.

एआरपी घ्या. १९८२ साली आरएफसी ८२६ म्हणून, म्हणजे इंटरनेटचे ठराव जिथे लिहून ठेवतात त्या जाहीर दस्तऐवजांपैकी एक म्हणून, तो प्रसिद्ध झाला. ऑफिसातल्या नेटवर्कवर एखादा आयपी पत्ता नेमक्या कोणत्या यंत्राचा, हे तो शोधून देतो. पोस्टमनने चाळीच्या चौकात उभे राहून ‘जोशी कोण?’ असे ओरडावे आणि जो ‘मी’ म्हणेल त्याच्या हातात मनीऑर्डर ठेवावी, तसा हा कारभार आहे. ओळख पटवण्याची सोयच त्यात नाही. न विचारता आलेले उत्तरही बरीच यंत्रे निमूटपणे नोंदवून घेतात. म्हणून एकाच वायफायवर बसलेला माणूस स्वतःला राउटर म्हणवून तुमची सगळी वाहतूक आपल्या लॅपटॉपमधून फिरवू शकतो. हे ज्याला माहीत आहे, त्याला स्विचवर कोणते संरक्षण चालू करायचे ते सांगावे लागत नाही. ज्याला माहीत नाही, तो टूलचे बटण दाबून ‘हल्ला झाला’ एवढेच दाखवू शकतो.

तीच गोष्ट जगभराच्या पातळीवर बीजीपीची. कोणता आयपी पत्ता कोणाकडे आहे, हे इंटरनेटवरची मोठी नेटवर्क एकमेकांना या प्रोटोकॉलने कळवतात, आणि मुळात त्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा असतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचे होते. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांचा एक छोटा तुकडा आपल्याकडे असल्याची नोंद केली. ती देशाबाहेर निसटली. मोठ्या तुकड्यापेक्षा नेमक्या, लहान तुकड्याची नोंद राउटर नेहमी खरी धरतात, त्यामुळे जगातली यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब बहुतेकांना दिसेनासे झाले. कोणी कुठलाही पासवर्ड चोरला नव्हता. प्रोटोकॉल जसा लिहिला होता तसाच वागला.

आता पहिले कारण: हे सगळे जुने, आता संपले. जुने आहे हे खरे. संपले हे खरे नाही. १९८५ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस या तरुणाने एक छोटा अहवाल लिहिला. टीसीपीचे संभाषण सुरू होताना सर्व्हर जो क्रमांक देतो, त्याचा अंदाज बांधता आला तर दुसऱ्याच्या नावाने बोलता येते, असे त्याने दाखवले. १९८९ मध्ये स्टीव्हन बेलोव्हिन यांनी त्यावर आणखी सविस्तर लिहिले. दोन्ही लेखन उघड होते, कोणालाही वाचता येत होते. तरीही १९९४ च्या नाताळात सुरक्षेचे अभ्यासक त्सुतोमु शिमोमुरा यांच्या संगणकावर केव्हिन मिटनिकचा म्हणून प्रसिद्ध झालेला हल्ला झाला तो याच युक्तीने. नऊ वर्षे माहिती कागदावर होती आणि यंत्रे चालवणाऱ्या बहुतेकांनी ती वाचली नव्हती. जुने म्हणून सोडून दिलेले ज्ञान हल्लेखोराच्या हाती कसे जाते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

डीएनएस १९८३ चा. त्यातल्या प्रत्येक प्रश्नावर १६ बिटांचा एक क्रमांक असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता. खरे उत्तर यायच्या आत योग्य क्रमांकाचे खोटे उत्तर पोचले तर सर्व्हर ते स्वीकारतो. एवढे बऱ्याच जणांना ठाऊक होते, पण एकदा हुकले की त्या नावाचे उत्तर साठवले जाते आणि हल्लेखोराला थांबावे लागते, या समजुतीवर सगळे निवांत होते. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी ती समजूत मोडली. एकाच नावाचा पाठलाग कशाला? त्याच डोमेनमधली अस्तित्वात नसलेली नावे एकामागून एक विचारत राहा. प्रत्येक नावाला नवी शर्यत लागते, आणि एक जरी जिंकली तरी खोट्या उत्तराच्या शेपटीला अख्ख्या डोमेनचा पत्ता बदलण्याची माहिती जोडता येते. त्या वर्षी ८ जुलैला अनेक कंपन्यांनी मिळून एकाच वेळी दुरुस्ती आणली. दुरुस्ती कोणती? प्रश्न दर वेळी वेगळ्या, अंदाज न लागणाऱ्या पोर्टवरून पाठवायचा. पंचवीस वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या प्रोटोकॉलमध्ये हे सापडले. ते शोधणाऱ्याकडे कोणाकडे नसलेले टूल नव्हते. त्याने प्रोटोकॉल इतरांपेक्षा बारकाईने वाचला होता.

आणि नव्यांचे काय? एचटीटीपी/२ चे मानक २०१५ मधले. एकाच जोडणीतून अनेक विनंत्या समांतर चालवता याव्यात आणि नको असलेली विनंती मध्येच रद्द करता यावी, ही त्यातली सोय. २०२३ मध्ये हल्लेखोरांनी तीच वापरली: विनंती पाठवायची आणि त्याच क्षणी रद्द करायची, पुन्हा पाठवायची, पुन्हा रद्द. रद्द झालेली विनंती एका वेळच्या मर्यादेत मोजली जात नाही, सर्व्हरने मात्र काम सुरू केलेले असते. गूगलने त्या वेळी सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा मारा नोंदवला. प्रोटोकॉलचा विषय बंद झाला असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा अहवाल वाचावा. त्यातले एक वाक्यही विनंतीचा प्रवाह म्हणजे काय आणि तो रद्द होतो म्हणजे काय होते हे न समजता कळणार नाही.

दुसरे कारण जरा जास्त गंभीर आहे: सगळे एन्क्रिप्टेड आहे. आशय झाकलेला असतो, हे बरोबर. पण कोण कोणाशी बोलले, किती वाजता, किती वेळाने पुन्हा, किती बाइट बाहेर गेले आणि किती आत आले, हे झाकलेले नसते. तपास करणाऱ्याला बहुतेक वेळा एवढ्यावरच सुरुवात करावी लागते. २०२० च्या डिसेंबरमध्ये उघड झालेले सोलरविंड्स प्रकरण पाहा. त्या कंपनीच्या ओरायन सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपवलेला घुसखोर आपल्या धन्याशी पहिला संपर्क डीएनएसमधून करत होता. ज्या संस्थेत तो शिरला तिच्या आतल्या डोमेनचे नाव सांकेतिक करून तो एका लांबलचक उपडोमेनमध्ये भरायचा आणि साधा डीएनएस प्रश्न विचारायचा. पुढे काय करायचे ते त्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरायचे. डीएनएस जवळजवळ प्रत्येक फायरवॉलमधून आरपार जातो, कारण तो अडवला तर कोणाचेच काम चालत नाही. तेव्हा एखादे यंत्र असे विचित्र, लांब, दर वेळी वेगळे नाव का विचारते आहे, असा प्रश्न पडायला डीएनएसचा नेहमीचा चेहरा डोळ्यांत बसलेला असावा लागतो. तो अलर्टमधून बसत नाही. रोज पॅकेट पाहून बसतो.

शिवाय एन्क्रिप्शन हाही एक प्रोटोकॉलच आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड उघड झाले, ते ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्याच सॉफ्टवेअरमध्ये. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक यंत्र दुसऱ्याला थोडा मजकूर पाठवते, त्याची लांबी सांगते आणि तोच मजकूर परत मागते. मजकूर पाठवायचा दोन-चार बाइट आणि लांबी सांगायची ६४ किलोबाइट. पलीकडचा सर्व्हर सांगितलेली लांबी खरी धरायचा आणि उरलेली जागा आपल्या स्मृतीतले जे हाताला लागेल त्याने भरून परत पाठवायचा. त्यात लोकांचे पासवर्ड गेले, काही सर्व्हरच्या खासगी किल्ल्या गेल्या. विश्वास पुराव्याशिवाय ठेवण्याची जागा इथेही होती, आणि ती कुलपाच्या आतच होती.

क्लाउडचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो ऐकायला आधुनिक वाटतो. २०१९ च्या जुलैत कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने जाहीर केले की अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. चोरीचा मार्ग असा: बाहेरून दिसणाऱ्या एका चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या सर्व्हरकरवी आतल्या १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्याला विनंती करायची. हा पत्ता क्लाउडमधल्या यंत्राला त्याची स्वतःची माहिती आणि तात्पुरत्या किल्ल्या देणाऱ्या सेवेचा. १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते त्याच जोडणीपुरते असतात, राउटरपलीकडे जात नाहीत, म्हणून तो आतल्यांसाठीच आहे असे सगळे धरून चालले होते. पण विनंती आतल्याच यंत्राकडून आली, आणि सेवेने विचारणाऱ्याचा हेतू न तपासता किल्ल्या दिल्या.

याच्या पुढचा भाग मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने या सेवेची नवी आवृत्ती आणली. किल्ली मिळण्याआधी एक टोकन मागावे लागते, आणि ते टोकन घेऊन येणाऱ्या पॅकेटचा टीटीएल मूळ मांडणीत १ ठेवलेला असतो. टीटीएल म्हणजे आयपी पॅकेटवरचा तो आकडा, जो प्रत्येक राउटर एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. १९८१ च्या आरएफसी ७९१ मधली ही तरतूद पॅकेट अनंतकाळ भटकू नये म्हणून केली होती. अडतीस वर्षांनी ती क्लाउडमधल्या किल्ल्यांच्या पहाऱ्यावर लावली गेली: टोकन त्या यंत्राच्या बाहेर एक पाऊलही टाकू शकत नाही. आता प्रत्यक्षात काय होते पाहा. कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला टोकन मिळत नाही, कारण कंटेनर एक पाऊल पलीकडे असतो. मग कोणीतरी इंटरनेटवर शोधतो, कुठेतरी ‘हॉप लिमिट २ करा’ असे सापडते, तो करतो आणि काम चालू होते. आपण कुंपण एका पावलाने मागे सरकवले, आता त्या यंत्रावरचा प्रत्येक कंटेनर किल्ल्यांपर्यंत पोचू शकतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. टीटीएल माहीत असलेला माणूस बदल करण्याआधी दोन प्रश्न विचारतो. क्लाउडमुळे नेटवर्क गेलेले नाही. ते नजरेआड गेले आहे, आणि नजरेआडच्या गोष्टी मनात स्पष्ट दिसाव्या लागतात.

हल्ले माणसांवर होतात, या म्हणण्यात तथ्य आहे. फसव्या ईमेलने सुरू झालेली प्रकरणे मीही सर्वाधिक पाहतो. पण त्या ईमेलचा तपास कसा करायचा? एसएमटीपी हा ईमेलचा प्रोटोकॉल १९८२ चा, आणि पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव तो मुळात तपासत नाही. पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही ठिगळे आली. त्यातले एसपीएफ पाकिटावरच्या पत्त्याची तपासणी करते, म्हणजे सर्व्हरने सर्व्हरला सांगितलेल्या पाठवणाऱ्याची. इनबॉक्समध्ये आपल्याला दिसणारा पाठवणारा हा पत्राच्या आत लिहिलेला, निराळा. तेव्हा हल्लेखोर स्वतःच्या डोमेनवरून, स्वतःचा एसपीएफ नीट लावून पत्र पाठवतो आणि आत तुमच्या साहेबांचा पत्ता लिहितो. हेडरमध्ये एसपीएफ ‘पास’ असते. दोन्ही पत्ते जुळतात का हे पाहणे डीमार्कचे काम. ‘पास’ हा शब्द पाहून अलर्ट बंद करणारी मुले मी पाहिली आहेत. हुशार मुले, रात्रीच्या शिफ्टला जागणारी, कष्टाळू. हेडरमधल्या ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, आणि त्यातल्या आपल्या सर्व्हरने लिहिलेल्याच निश्चित खऱ्या, खालच्या कोणीही रचू शकतो, एवढे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

आणि प्रत्येक हल्ल्याला माणसाची चूक लागते असेही नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडला आणि कोणी काही क्लिक न करता यंत्रामागून यंत्र ओलांडत गेला. त्याच्या वाटांपैकी एक होती विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलमधली फट, पोर्ट ४४५ वरची. तिच्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता. मर्स्क कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली, आणि आपल्या न्हावा-शेवा इथे त्यांच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. एका विभागातल्या संगणकाला दुसऱ्या विभागातल्या संगणकाशी ४४५ वर बोलण्याची गरज काय, हा प्रश्न विचारणारा माणूस प्रोटोकॉल शिकलेलाच असतो.

पुण्यात राहणाऱ्याला तर दूर जायलाच नको. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या खातेदारांच्या नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. एटीएमवर कार्ड घातले की ‘एवढे पैसे द्यायचे का’ असा संदेश स्विचमार्फत बँकेच्या मूळ यंत्रणेकडे जातो, तिथे शिल्लक पाहिली जाते आणि होकार किंवा नकार परत येतो. या संदेशांचा रूढ ठराव आयएसओ ८५८३. हल्लेखोरांनी मध्ये आपला खोटा स्विच उभा केला आणि तोच होकार देत राहिला. प्रश्न मूळ यंत्रणेपर्यंत जातच नव्हता. मी हे वर्गात सांगतो तेव्हा एक मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते, की मग एटीएमला कसे कळणार उत्तर खरे कोणाचे? तो प्रश्न ज्याला पडला, त्याची सुरक्षेच्या कामाला खरी सुरुवात झाली. एआरपीला विचारायचा प्रश्न हाच, बीजीपीला हाच, डीएनएसलाही हाच. एकदा तो विचारायची सवय लागली की न पाहिलेल्या प्रोटोकॉलसमोरही माणूस बावरत नाही, आणि बँकेच्या स्विचचा प्रोटोकॉल कुठल्याच क्लासच्या अभ्यासक्रमात नसतो.

टूलचा मुद्दा उरला. एनमॅप १९९७ पासून आहे आणि जवळजवळ प्रत्येक क्लासमध्ये सुरुवातीलाच शिकवले जाते. कमांड द्या, पोर्टची यादी येते, ती रिपोर्टात चिकटवा. त्या यादीत एक पोर्ट ‘क्लोज्ड’ असते, दुसरे ‘फिल्टर्ड’. नवख्याच्या लेखी दोन्ही बंद. वास्तविक पहिल्याचा अर्थ असा, की संभाषण सुरू करायला आपण पाठवलेल्या सिन पॅकेटला पलीकडून रीसेट, म्हणजे नकार, आला: यंत्र जिवंत आहे, पॅकेट त्याच्यापर्यंत पोचते आहे, फक्त त्या पोर्टवर आत्ता कोणी ऐकत नाही. उद्या कोणी चाचणीपुरती सेवा तिथे सुरू केली की ती बाहेरच्या जगाला उघडी. दुसऱ्यात बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही, म्हणजे वाटेत काहीतरी पॅकेट अडवते आहे. ग्राहकाला द्यायचा सल्ला या दोन्हींसाठी वेगळा आहे. यूडीपीची स्थिती आणखी बिकट. सांगितल्याशिवाय एनमॅप यूडीपी तपासत नाही, आणि टीसीपीचेही सर्वाधिक वापरातले १,००० पोर्टच तपासते. यूडीपीमध्ये उत्तर न येणे म्हणजे पोर्ट उघडे असू शकते किंवा अडवलेले असू शकते, आणि टूल प्रामाणिकपणे दोन्ही शब्द जोडून छापते. ‘सर्व पोर्ट तपासले, काही आढळले नाही’ असे लिहिलेला रिपोर्ट मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे, आणि त्याच नेटवर्कवर एसएनएमपी हा यूडीपीचा १६१ क्रमांकाचा दरवाजा ‘पब्लिक’ या मूळच्या परवलीसकट उघडा होता. टूलने खोटे सांगितले नव्हते. वाचणाऱ्याला त्याची भाषा येत नव्हती.

एआयबद्दल थोडक्यात. मी तो वापरतो. लांब लॉग चाळायला, विसरलेला फिल्टर आठवून द्यायला त्याचा उपयोग होतो. पण तो चुकीचे उत्तरही तितक्याच ठाम सुरात देतो, आणि ते चुकीचे आहे हे ओळखायला जे लागते तेच ज्ञान टाळायचा सल्ला दिला जातो आहे. शिवाय ग्राहकाच्या नेटवर्कचे पॅकेट बाहेरच्या सेवेत चिकटवणे ही स्वतःच एक गळती आहे. त्यात आतले पत्ते असतात, यंत्रांची नावे असतात, कधी उघडे पासवर्डही असतात. कशात काय असते हे माहीत नसलेला मुलगा ते बेधडक चिकटवतो.

एका बाबतीत मी समोरच्या बाजूशी पूर्ण सहमत आहे. आपल्या कॉलेजांत नेटवर्क ज्या पद्धतीने शिकवले जाते, त्याने कोणालाही त्याचा कंटाळाच येईल. ओएसआयचे सात थर पाठ करा, प्रत्येकाची चार कामे लिहा, आकृती काढा, दहा गुण मिळवा. चार वर्षांत एकही पॅकेट न पाहिलेले इंजिनिअर माझ्यासमोर येऊन बसतात. इंटरनेट टीसीपी-आयपीवर चालते, आणि टीएलएस कितव्या थरात येतो यावर वाद घालून कोणाचेही रक्षण होत नाही. या शिक्षणाला कंटाळून मुले क्लासकडे जातात हे मी समजू शकतो. पण त्या कंटाळ्यावर विषयच वगळणे हा उपाय नव्हे. विषय नीट शिकवायचा असतो.

नीट म्हणजे कसा? एक साधा लॅपटॉप, सेकंडहँड चालेल. त्यावर दोन आभासी यंत्रे. वायरशार्क फुकट आहे, टीसीपीडम्प फुकट आहे, आरएफसी कोणालाही फुकट वाचता येतात आणि एआरपीची तर एका बैठकीत वाचून होते. एखादे संकेतस्थळ उघडा आणि वायरशार्कमध्ये पहिल्या डीएनएस प्रश्नापासून शेवटच्या पॅकेटपर्यंत जे जे गेले ते ओळीने समजून घ्या. एका पानाला एक आठवडा लागला तरी चालेल. मग आपल्याच दोन यंत्रांमध्ये एआरपीचे खोटे उत्तर पाठवा, पॅकेटमध्ये ते कसे दिसते ते पाहा, आणि मग ते कसे पकडायचे ते शोधा. हे फक्त आपल्याच यंत्रांवर. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्राला हात लावणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येते, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. पुस्तके इंग्रजीत असतात म्हणून मराठी माध्यमातल्या मुलांना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांचे मला अजिबात पटत नाही. सिन, सिन-अॅक, अॅक हे तीन संदेश पडद्यावर एकदा दाखवले की मुलगा मराठीत त्यावर नेमके प्रश्न विचारतो. पैशांच्या दृष्टीनेही हाच मार्ग गरिबाला परवडणारा आहे. महाग आहेत ती सर्टिफिकेटे, आणि त्यांचा आग्रह धरणारेच प्रोटोकॉल वेळखाऊ म्हणून टाळायला सांगतात.

सर्टिफिकेटे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. चाळणीतून अर्ज पुढे सरकायला ती लागतात. पण नोकरी लागल्यावर काय? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यावरून वेळ घेणाऱ्या सर्व्हरशी, जुळवावी लागतात. घड्याळांचा मुद्दा सरकारी कागदात का आला, हे तपासाला बसलेल्या माणसाला लगेच उमगते. फायरवॉलचे घड्याळ चार मिनिटे पुढे असेल तर परिणाम आधी आणि कारण नंतर दिसते, आणि घटनांची साखळीच जुळत नाही. त्या सहा तासांत टूलची यादी कोणी विचारत नाही. आत कोण आले, कुठून आले, काय घेऊन गेले, अजून आत आहे का, एवढेच विचारतात.

म्हणून माझे मागणे मुलांपेक्षा नोकरी देणाऱ्यांकडे जास्त आहे. ते जे विचारतील तेच क्लास शिकवतील. मुलाखतीत टूलची नावे विचारणे बंद करा. उमेदवारासमोर पॅकेटांची एक छोटी फाइल ठेवा, अर्धा तास द्या. इंटरनेट वापरू द्या, हवा तर एआयही वापरू द्या. नंतर शेजारी बसा आणि विचारा: या दोन यंत्रांपैकी संभाषण कोणी सुरू केले, कोणी तोडले, मध्ये कोणी कोणाचे काय खरे धरले, आणि हे तुला कशावरून कळले ते मला या पडद्यावर दाखव.